ब्रेकला लावलेलं कुंकू

तुमच्या मुलाशी माझं बोलणं झालंय, असं गॅरेजच्या काउंटरमागचा माणूस म्हणाला, आणि अरुणाला आधी वाटलं की परीक्षितलाच काहीतरी झालं. मग कळलं की जे झालं होतं ते गाडीला. पुढचे दोन्ही ब्रेक गेले होते, पॅड झिजून नुसता पत्रा उरला होता, डिस्कवर चरे पडले होते, आणि एवढ्या जुन्या गाडीवर एवढं काम म्हणजे नाकापेक्षा मोती जड. हे सगळं तिला सांगायच्या आधी त्याने दूर एटोबिकोत राहणाऱ्या परीक्षितला फोन करून सांगितलं होतं, कारण मागच्या हिवाळ्यात विंटर टायर्स बसवायला परीक्षित गाडी घेऊन आला होता आणि यांच्या कॉम्प्युटरात त्याचाच नंबर होता. दोघांचं ठरलंसुद्धा होतं. मंगळवारी टो ट्रक येईल, गाडी भंगारात जाईल, तोवर ती इथेच मागे उभी राहील, आणि मॅडमना घरी जायला टॅक्सी बोलावून देऊ. माणूस वाईट नव्हता. आवाजात मार्दव होतं, दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तसं. त्या मार्दवानेच अरुणाचं डोकं फिरलं. गाडी कुणाच्या नावावर आहे ते जरा बघा, असं तिने इंग्रजीत, शब्द सुटे करून सांगितलं. त्याने बघितलं. मग किल्ली द्या, ती म्हणाली. या ब्रेकवर गाडी चालवणं बरोबर नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला आणि ती हात पुढे करून उभी राहिली.

घरी येताना तिने मोठा रस्ता टाळला. ओटावाजवळच्या त्यांच्या कनाटा उपनगराच्या आतल्या गल्ल्यांमधून, सायकलच्या वेगाने, गियर खाली घेत ती आली. प्रत्येक स्टॉप साइनला पुढच्या चाकांतून करकर आवाज यायचा, झोपेत दात खाणाऱ्या माणसासारखा, आणि मग तिच्या लक्षात आलं की तीही दात खाते आहे. राग गाडीचा नव्हता. गाडीचं काय, गाडी झिजणारच. राग याचा होता की तिच्याविषयीचा निर्णय दोन पुरुषांनी फोनवर घेतला आणि तिसरा, घरातला, याला होकार देणार हे तिला आताच माहीत होतं. तिच्या नवऱ्याला, शैलेंद्रला, कंपवात होऊन चार-पाच वर्षं झाली होती. लायसन्स गेल्यापासून तो तिच्या शेजारी बसायचा आणि प्रत्येक सिग्नलला उजवा पाय मॅटवर दाबायचा, जणू तिकडेही एक ब्रेक आहे. ती काही बोलायची नाही. बोलायची नाही हेच तर तिचं आयुष्यभराचं काम. पण गाडी गेली की काय होणार हे तिला स्वच्छ दिसत होतं. इथे गाडी नसलेला माणूस म्हणजे पाय नसलेला माणूस. सकाळचं पोहणं जाईल, लायब्ररी जाईल, ओटावा नदीच्या काठाकाठाने उगाच एकटीने मारलेली चक्कर जाईल, शैलेंद्रच्या फिजिओला जायचं तरी कुणाची तरी वाट बघावी लागेल. मग एक दिवस परीक्षित समजुतीने म्हणेल की आई, तुम्ही इथे एकटे काय करता, आमच्याजवळ एक छान कॉन्डो आहे. आधी गाडी, मग घर. एटोबिकोत बसून त्याने उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि शेळ्यांनी मुकाट्याने चालायचं.

त्या वर्षी थँक्सगिव्हिंगचा लाँग वीकेंड आणि दसरा लागून आले होते. परीक्षित शनिवारी संध्याकाळी आपल्या मुलीला, ऊर्मीला, घेऊन यायचा होता. शुक्रवारी त्याचा फोन आला, तेव्हा तो आधी हवेबद्दल बोलला, मग बाबांच्या तब्येतीबद्दल, आणि मग म्हणाला, "आई, डोन्ट टेक इट द राँग वे, पण त्या गाडीत आता काही राहिलं नाहीये. बाबा पण हेच म्हणतात." अरुणाने स्वयंपाकघराच्या दारातून शैलेंद्रकडे बघितलं. तो पेपर वाचत होता, म्हणजे पेपर थरथरत होता आणि तो त्याच्या मागे होता. तिने बरं म्हणून फोन ठेवला. वाद घालायला तिच्याकडे वेळ नव्हता. तासाभरात ती शेजारणीच्या गाडीतून पार्ट्सच्या दुकानात गेली आणि दोन डिस्क, पॅडचा खोका, ग्रीस आणि डिस्क पुसायचा स्प्रे घेऊन आली. दुकानातल्याने विचारलं, मिस्टर करणार आहेत का काम? ती म्हणाली, नाही.

शनिवारी सकाळी तिने गॅरेजचं दार वर केलं. बाहेर मेपलची पानं ड्राइव्हवेवर चिकटून बसली होती आणि हवेत पहिल्या थंडीचा तो धातूसारखा वास होता. भिंतीवर शैलेंद्रने लावलेला भोकाभोकांचा बोर्ड, त्यावर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा त्याने काळ्या मार्करने काढून ठेवलेली, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते लांबून कळावं. कळायचं तिलाच, कारण काम संपल्यावर सगळं पुसून जागेवर लावायची ती. या घरात गाडीची कामं शैलेंद्रने केली असं सगळे म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. तेव्हा ती बॅटरी धरून उभी असायची. मुलाला झोपवून, कणीक तशीच झाकून ठेवून, हात भरून येईपर्यंत बॅटरी धरायची. उजेड माझ्या हातावर नको, कामावर पाहिजे, तो चाकाखालून ओरडायचा. इकडे. इकडे नाही, तिकडे. लक्ष कुठे आहे तुझं? लक्ष कामावरच होतं. उजेड नेमका कुठे पडायला हवा हे ज्याला कळावं लागतं, त्याला काम समजून घ्यावंच लागतं, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नाही. चौदाचा दे, असं तो म्हणायच्या आत चौदाचा पाना तिच्या हातात तयार असायचा. दिवसभर ती टेक्नॉलॉजी पार्कमधल्या एका कंपनीत सर्किट बोर्ड तपासायची. लोकांच्या टेलिफोनमधली चूक शोधणारे हात घरी आल्यावर फक्त बॅटरी धरण्याच्या लायकीचे व्हायचे.

आता बॅटरी तिच्या कपाळावर होती. ऊर्मी उन्हाळ्यातल्या कॅम्पची जांभळ्या पट्ट्याची बॅटरी विसरून गेली होती, ती अरुणाने शैलेंद्रच्या जुन्या कानटोपीवरून डोक्याला बांधली. चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग जॅक लावला, मग गाडीखाली लोखंडी घोडी सरकवली आणि गाडीला खांद्याने धक्का देऊन बघितलं. हलली नाही. चाक निघालं आणि आतला ब्रेक दिसला, गंजाने तपकिरी, पाणी आटलेल्या ओढ्यासारखा. दर हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ असं हळूहळू सगळं खातं. कॅलिपर, म्हणजे पॅडना डिस्कवर दाबणारा तो लोखंडी जबडा, सोडवून तिने बाजूला घेतला. तो त्याच्या रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नसतो, नळी आतून तुटते, हे तिला माहीत होतं. तारेऐवजी तिने खिशातून परकराची नाडी काढली आणि वरच्या स्प्रिंगला कॅलिपर घट्ट बांधला. नाडीची गाठ सुटत नाही याचा तिला पन्नास वर्षांचा अनुभव होता. आतला पॅड हातात आला तर त्याचं पॅडपण पार संपलेलं, बाहेरचा मात्र निम्मा शिल्लक. पिन कोरडी पडून अडकली होती, एकाच बाजूवर सगळा भार आला होता. एकच बाजू झिजते आणि गाडी आपली चालत राहते, कुणाला काही कळत नाही. अरुणा ते बघून एकटीच हसली आणि पॅड कोपऱ्यात भिरकावला.

शैलेंद्र घरातल्या दाराने आत आला तेव्हा ती जुनी डिस्क अडवून धरणाऱ्या मागच्या मोठ्या बोल्टशी झुंजत होती. तो घडीच्या खुर्चीवर बसला. त्याला राहवलं नाही. त्याच्यावर तेल मारून ठेवायला हवं होतं, तो म्हणाला. रात्रीच मारलंय, ती म्हणाली. मग परीक्षितला येऊ दे, त्याच्यात जोर आहे. अरुणाने पान्याच्या दांड्यावर जॅकची पोकळ नळी चढवली, दांडा लांब केला, गाडीच्या कडेला हात धरला आणि दोन्ही पायांनी पान्यावर उभी राहिली. साठ किलोंची बाई, साठीही कधीच उलटलेली. एक क्षण काहीच झालं नाही. गुडघा म्हणाला, बाई, उतर. ती उतरली नाही. मग कडाक् असा आवाज झाला, पाना खाली गेला, तीही खाली आली, भिंतीला आपटली आणि उभी राहिली. शैलेंद्र खुर्चीतून अर्धवट उठला होता. लागलं का, त्याने विचारलं. बोल्ट सुटला, तिने सांगितलं. थोड्या वेळाने तो म्हणाला की मी बॅटरी धरतो, आतल्या बाजूला उजेड नाही. त्याने हात पुढे केला होता आणि हात त्याच्या मनाविरुद्ध हलत होता. तिला वाईट वाटलं. खरंच वाटलं, पोटातून. पण बॅटरी तिच्या कपाळावर होती आणि ती जिकडे बघेल तिकडे उजेड पडत होता. "नकोय," ती म्हणाली. "बसायचं तर बसा."

नव्या डिस्क खोक्यातून निघाल्या त्या चकचकीत, वर तेलाचा हात फिरवलेला. स्प्रे मारून तिने त्या पुसल्या, पुन्हा पुसल्या, आणि तेवढ्यात ते आठवलंच. आठवणारच होतं. या घरात ब्रेक म्हटलं की ती गोष्ट आपोआप यायची. परीक्षित तान्हा होता तेव्हाची. तेव्हाही असाच दसरा जवळ आला होता. अरुणाच्या वडिलांचा नागपूरला छापखाना होता आणि खंडेनवमीला तिथलं यंत्र बंद ठेवून, रॉकेलने पुसून, त्याच्या मोठ्या चाकाला हळदकुंकू लावायचे. त्या दिवशी छापखान्यात शाईचा वास असायचा पण आवाज नसायचा, आणि ती शांतता तिला फार आवडायची. कॅनडात आल्यावर तिने बाकी बरंच सोडलं, पण हत्यारांना कुंकू लावणं सुटलं नाही. शैलेंद्रने त्या दिवशी गाडीचे ब्रेक बदलायला घेतले होते. तो हात धुवायला आत गेला तेव्हा ती तबक घेऊन आली, आणि पान्यांना, हातोडीला आणि त्या दोन लखलखीत डिस्कना ओल्या कुंकवाची बोटं लावून गेली. त्याने येऊन बघितलं, हे काय म्हणाला, आणि घाईत चाकं चढवली, कारण लोक जेवायला यायचे होते. गाडी मागे घेतली ती थांबलीच नाही. ड्राइव्हवेच्या उतारावरून रस्ता ओलांडून समोरच्यांच्या झाडांच्या कुंपणात शिरली. गाडीतून उतरल्यावर शैलेंद्रचं पहिलं वाक्य होतं, तुझं कुंकू. तेव्हापासून ती गोष्ट त्याची झाली. दिवाळीच्या पार्टीत, कुणाच्या बेसमेंटमधल्या गाण्याच्या कार्यक्रमात, दुसऱ्या गावी ब्रॉसार्डच्या मित्रांकडे, नव्याने आलेल्या पुण्याच्या पोरांसमोर. आमच्या हिने ब्रेकची पूजा केली, असं म्हणून तो सुरुवात करायचा. मग खुर्चीच्या टोकाला येऊन उजवा पाय वर उचलायचा आणि धपकन कार्पेटवर आपटायचा. "पाय असा थेट तळाला! ब्रेक म्हणून नाहीच! देवाचं नाव घेतलं, तर देव डिस्कवर बसलेला!" लोक हसून हसून लोळायचे. अरुणाही हसायची, सगळ्यांच्या थोडी आधी, म्हणजे कुणी तिच्याकडे कीव करून बघू नये. फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झालेली बाई त्या पाय आपटण्यासरशी दर वेळी अडाणी व्हायची. पुढे हत्यारांना कुंकू लावणंही तिने बंद केलं. परीक्षित याच गोष्टीवर मोठा झाला. फोनवर जेव्हा तो समजुतीच्या सुरात बोलतो, तेव्हा त्या सुराच्या तळाशी ही गोष्ट असते, असं तिला अनेकदा वाटलं होतं आणि तिने मूग गिळले होते.

दुसरी बाजू पहिलीपेक्षा लवकर झाली. नवे पॅड जाड होते, ते बसावेत म्हणून क्लॅम्प आवळून कॅलिपरमधला दट्ट्या तिने पार आत रेटला. पिनांना ग्रीस लावलं, बोल्ट आवळले, चाकं चढवली, गाडी खाली घेतली. पाठ सरळ करायला वेळ लागला. मग ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली, इंजिन सुरू केलं नाही, काच खाली केली आणि सवयीने ब्रेकवर पाय ठेवला. पाय खाली गेला. विरोध नाही, काही नाही, थेट तळाला, धपकन. एवढं सगळं नीट करून काय चुकलं असेल, असा विचार मनात येतो न येतो तोच तिला तो पाय दिसला. स्वतःचा नव्हे. शैलेंद्रचा, कार्पेटवर आपटणारा, इतक्या दिवाळ्यांमधला, इतक्या बेसमेंटांमधला. पाय असा थेट तळाला. तिने पॅडल पुन्हा दाबलं, अर्ध्यात अडलं. आणखी दाबलं, आणखी वर अडलं, मग दगडासारखं घट्ट झालं. दट्ट्या मागे रेटलेला असतो, तो पुढे येऊन पॅडला टेकेपर्यंत पॅडल पोकळच असणार. म्हणून गाडी हलवायच्या आधी पॅडल दाबून घ्यायचं असतं. कुंकवाने काय झालं असतं? ब्रेक दोनदा चिरकला असता, आणि कुंकू पुसलं गेलं असतं. कुंकवाने पॅडल तळाला जात नाही. ती सीटवर तशीच बसून राहिली. इतकी वर्षं पुरावा तो स्वतःच्या पायाने आपटून दाखवत होता, आणि तिने, चुका शोधून पोट भरणाऱ्या बाईने, तो पाय बघितला आणि हसली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीच्या वेळी संन्याशाने टाळ्या वाजवायच्या.

तिने काचेतून शैलेंद्रकडे बघितलं. तो तिच्या पायाकडे बघत होता. तो आवाज त्यानेही ऐकला होता. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि ते नव्हतं म्हणूनच तिला पुढचं कळलं.

"तुम्ही पॅडल दाबून घेतलं नव्हतंत," ती म्हणाली.

त्याने हात मांडीखाली दाबून धरले होते, म्हणजे हलणार नाहीत.

"कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी," शैलेंद्र म्हणाला. "पण तोवर सगळ्यांना सांगून झालं होतं. आणि लोक हसत होते, अरुणा."

"मीही हसत होते."

तो मान खाली घालून बसला. तिला ओरडावंसं वाटलं, आणि ओरडायला काहीच हरकत नव्हती, घर रिकामं होतं. पण रागाचं असं असतं की फार जुना झाला की तो ओरडत नाही, कामाला लागतो. ती उतरली, आत गेली, देवघरातली कुंकवाची कोयरी घेऊन आली. बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात बुडवलं, चाकाच्या आऱ्यांमधून हात घातला आणि डिस्कवर, जिथे पॅड घासतो नेमक्या त्या जागी, ठसठशीत बोट उमटवलं. दुसऱ्या चाकाकडे जाऊन तेच. एका ब्रेकमध्ये ते पुसलं जाणार होतं, हे तिला माहीत होतं. शैलेंद्र बघत होता आणि या वेळी हे काय असं म्हणाला नाही.

परीक्षित आला तो चहाच्या वेळेला. गॅरेजचं दार उघडं, जमिनीवर गंजाचे पापुद्रे, जुन्या डिस्क एकावर एक ठेवलेल्या आणि बोर्डावर सगळे पाने आपापल्या रेषेत. अरुणाच्या कपाळावर जांभळी बॅटरी बघून ऊर्मी म्हणाली, "आज्जी, दॅट्स माइन," आणि लगेच म्हणाली की तू ठेव, इट लुक्स कूल. परीक्षितला कळायला वेळ लागला. कळल्यावर तो आधी वडिलांकडे वळला. त्याची नजर चाकाच्या फटीतल्या लाल खुणेवर गेली आणि त्याला हसू आवरेना. "आई, सीरियसली? कुंकू? बाबा, तुम्ही हिला थांबवलं नाहीत?"

अरुणा म्हणाली, "अहो, सांगा त्याला ती गोष्ट. नीट सांगा."

शैलेंद्र घडीच्या खुर्चीत पुढे सरकला. आमच्या हिने, अशी त्याने सवयीने सुरुवात केली, आणि परीक्षितचं तोंड जिथे हसू यायचं तिथे हसायच्या तयारीत उघडलं. तिथे शैलेंद्र थांबला. त्याचा पाय हलला नाही, हात मात्र फार हलत होते. "आमच्या हिने काही केलं नव्हतं," तो म्हणाला. "पॅडल पंप करायला मी विसरलो. मला माहीत होतं." एवढंच म्हणून तो बाहेर मेपलकडे बघत राहिला. परीक्षित हसायच्या तोंडाने तसाच उभा होता, त्याला ते तोंड कुठे ठेवावं कळत नव्हतं. ऊर्मी म्हणाली, सो इट वॉज नेव्हर द कुंकू? परीक्षित म्हणाला की ते ठीक आहे, बट दॅट्स नॉट द पॉइंट, आई, टो ट्रकवाल्याला आपण मंगळवारचं सांगितलंय. आपण नाही, तू सांगितलंयस, अरुणा म्हणाली. ज्याने बोलावलं त्याने नको म्हणून कळवायचं. आणि गॅरेजवाल्याला तुझा नंबर काढून माझा लिहायला सांगायचं. "गाडी माझी आहे. काही विचारायचं असेल तर मला विचारायचं." आवाज तिने चढवला नाही. परीक्षितने एकदा वडिलांकडे बघितलं, तिकडून काही मदत येणार नाही हे ओळखलं, आणि फोन घेऊन ड्राइव्हवेच्या टोकाला गेला. तिथून त्याचं बोलणं अर्धवट ऐकू येत होतं. नो, शी इज कीपिंग इट, तो म्हणत होता.

मग तिने सगळ्यांना गाडीत बसायला सांगितलं. नवे ब्रेक हळूहळू मुरवावे लागतात, एक चक्कर मारायला हवी होती. परीक्षित आणि ऊर्मी मागे बसले. शैलेंद्रला तिने हाताला धरून पुढे बसवलं, पट्टा लावून दिला, त्याच्या थरथरणाऱ्या हाताखालून तो ओढून घेताना तिचा हात क्षणभर तिथे राहिला, पण माफीबिफीचं तिच्या मनात काही आलं नव्हतं आणि यायची घाईही नव्हती. गाडी ड्राइव्हवेवरून मागे आली, उतारावर तिने ब्रेक लावून बघितला, गाडी जागच्या जागी थांबली. पहिल्या थांबण्याबरोबर चाकांतून एक बारीक चिरका आवाज आला आणि बंद झाला. समोरच्यांचं कुंपण केव्हाच भरून आलं होतं आणि आता त्या घरात दुसरेच लोक राहत होते. गल्लीच्या टोकाला स्टॉप साइन दिसली तेव्हा ती अजून लांब होती, तरी शैलेंद्रचा उजवा पाय मॅटवर घट्ट दाबला गेला.

"दाबा हवं तर," अरुणा समोर बघत म्हणाली. "त्या बाजूला काही जोडलेलं नाही."

गाडी पांढऱ्या रेषेच्या अलीकडे थांबली. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि आपल्याला हवी त्या बाजूला वळली.